काढून टाकलेला दावा आणि न परतलेलं ताट

पट्टेवाल्याने कोर्टाच्या दारात उभं राहून "रावजी गोविंद नागवेकरऽ" असा तीनदा पुकारा केला, तेव्हा आत्माराम मयेकरांच्या तोंडून "आहेत, आहेत, मघाशीच माझ्याबरोबर एसटीतून उतरले" हे वाक्य अगदी निघालंच होतं. आठल्ये वकिलांनी सदऱ्याची बाही ओढली म्हणून ते घशात राहिलं. रावजी हे वादी आणि आत्माराम प्रतिवादी. प्रतिवादीने वादीला शोधून आणून न्यायाधीशांपुढे उभं करायचं नसतं, हे वकिलांनी नंतर त्यांना शांतपणे समजावून सांगितलं. पण आत्मारामांचा स्वभाव पडला शेजारधर्माचा. वाडीत कुणी कुणाला हाक मारली आणि तो माणूस दिसत नसला, तर तो कुठे आहे हे सांगणं त्यांना आपलं कर्तव्य वाटायचं.

"वादी गैरहजर. वादीचे वकील गैरहजर. दावा काढून टाकण्यात येतो," न्यायाधीश म्हणाले आणि पुढचा कागद ओढला.

आत्माराम तसेच उभे. वर्षभर ज्या गोष्टीने झोप उडवली होती ती शिंक यावी तशी आली आणि गेली. त्यांनी न्यायाधीशांना वाकून नमस्कार केला. न्यायाधीशांनी पाहिला नाही. मग पट्टेवाल्याला केला. पट्टेवाला म्हणाला, "बाजूला व्हा." आठल्ये वकिलांचे पाय धरायला वाकले, तर वकील दुसऱ्या पक्षकाराच्या मागे लगबगीने चाललेले. "जा घरी मयेकर, सुटलात!" एवढं ते जिन्यावरून ओरडले. आत्मारामांचा ऊर कृतज्ञतेने भरून आला होता आणि ती ठेवून घ्यायला कोर्टाच्या आवारात एकही मोकळा माणूस नव्हता. शेवटी त्यांनी ती पेढेवाल्याकडे नेली.

भांडण एवढ्याशा गोष्टीवरून होतं की सांगायलाही लाज वाटावी. आत्माराम बांधकाम खात्यात कारकून. स्वतः कधी विटेवर वीट ठेवली नसली, तरी खात्याचा गुण अंगात भिनलेला. आदल्या पावसाळ्याआधी त्यांना वाटलं, पडवीच्या पागोळ्या अंगणात पडून चिखल होतो, तर पत्र्याची एक पन्हळ लावावी. काम एका दिवसाचं, खिळे स्वतः मारलेले. पन्हळीला उतार हवा हे त्यांना ठाऊक होतं. तो कोणत्या बाजूला हवा याचा विचार त्यांनी पाऊस पडल्यावर केला. अख्ख्या छपराचं पाणी दोन अंगणांमधल्या दगडी गडग्यापलीकडे, रावजी नागवेकरांच्या अबोलीच्या वाफ्यात धो धो कोसळलं.

रावजी म्हणजे बोटीवरून निवृत्त झालेले. उभा जन्म पाण्यात काढलेला माणूस, त्याला घरी आल्यावर कुणी पाणी दाखवलेलं खपत नसे. ते म्हणाले, "आत्माराम, पन्हळ काढा." आत्माराम म्हणणार होते, "काढतो," पण शब्दाच्या आधी त्यांचा मान आडवा आला. "जरा दमाने सांगितलंत तर बरं," ते म्हणाले. रावजींनी दमाने नाही, वकिलामार्फत सांगितलं. झालं. जो गडगा दोन्ही घरच्या बायकांना आमटीच्या वाट्या ठेवायला उपयोगी पडायचा, तो दिवाणी दाव्यात पूर्व हद्द म्हणून दाखल झाला.

पुरुष बोलेनासे झाले. बायका बोलत, पण पुरुष घरात नसताना.

एक गोष्ट मात्र कुणाच्या लक्षात आली नाही, कारण ती सवयीची होती. सकाळी शहरात जाणारी एसटी एकच. ती खाडीपलीकडून भरून यायची. जो आधी आत शिरेल त्याने दुसऱ्यासाठी जागा धरायची, ही आत्माराम आणि रावजींची रीत जुनी. तारखेच्या दिवशी आत्माराम पुढे घुसले, छत्री बाकावर टाकली आणि खिडकीतून ओरडले, "रावजीभाऊ, या, जागा धरलीय!" ओरडल्यावर त्यांना आठवलं की आज आपण याच माणसाविरुद्ध कोर्टात चाललो आहोत. कानापर्यंत लाल झाले. रावजी क्षणभर एसटीच्या दारातच घुटमळले, मग येऊन बसले. दोघांचे खांदे शहर येईपर्यंत एकमेकांना घासत होते आणि दोघांची तोंडं दोन खिडक्यांकडे होती.

असो. पेढे घेऊन आत्माराम घरी आले.

"सुटलो गो!" ते उंबऱ्यातूनच म्हणाले. त्यांची बायको सगुणा देवापुढे पेढे ठेवून रडली, हसली, पुन्हा रडली. कमळा, त्यांची मुलगी, चुलीपाशी होती. ऐकता ऐकता भाकरी तिने करपवली. त्याचं कारण असं, की दाभोळच्या हरिश्चंद्र सुर्व्यांच्या मुलाला कमळा पसंत होती आणि कमळालाही तो पसंत होता, इतका, की त्याचं नाव निघालं की घरातलं काही ना काही करपायचं. अडलं होतं ते मुलाच्या बापापाशी. हरिश्चंद्र सुर्वे दापोलीच्या कोर्टातून नाझर म्हणून निवृत्त झालेले. त्यांचा निरोप आला होता, "मुलगी लाखात एक. पण ज्या घरावर दावा उभा आहे तिथे आम्ही सोयरीक करत नाही. जन्मभर लोकांचे दावे हाताळले, आता पंगतीला नकोत." येत्या रविवारी ते शेवटचं काय ते सांगायला यायचे होते.

आणि दावा नेमका आज गेला! सगुणाबाईंनी आनंदाच्या भरात पितळेचं ताट घेतलं, पेढे रचले, वर क्रोशाचा रुमाल घातला आणि घरात आनंद झाला की कोकणातली बाई पहिलं काय करते तेच केलं. पहिलं ताट सख्ख्या शेजाऱ्याला.

गडग्यावरून ताट देऊन त्या आत आल्या तेव्हा आत्माराम पाय धूत होते. "कोणाला दिलंस?"

"यमुनावयनींना. रीत हाय ती."

यमुनावयनी म्हणजे रावजींची बायको. आत्मारामांच्या हातातला तांब्या खाली पडला. "अगो, त्यांचाच दावा पडला, त्याचे पेढे त्यांनाच?"

सगुणाबाई मटकन जात्यावर बसल्या. "इचारलान त्यांनी, कसले म्हणून. मी म्हटला, ह्यांचा काम झाला. त्यांनी एक तोंडात टाकलान पण! गोड म्हणाल्या."

आपल्याच दाव्याच्या मयताचं गोडधोड खाणारं वादीचं घर रत्नागिरी जिल्ह्यात तरी हे पहिलंच असावं.

संध्याकाळी भागोजी आला. भागोजी मुंबईला गिरणीत होता. संप झाल्यापासून गावी येऊन बसलेला आणि कामगार कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्यामुळे वाडीत कायद्याचा अधिकारी समजला जाणारा. चार पेढे खाऊन झाल्यावर, म्हणजे आणखी मिळायची आशा संपल्यावर, त्याने विचारलं, "कसा काढला दावा? ऐकून, की न ऐकताच?"

"न ऐकता. रावजीभाऊ आलेच नाहीत."

भागोजीने मान हलवली. सापाच्या शेपटीवर काठी मारून आलेल्या माणसाकडे बघावं तसं तो बघत होता. "आत्मारामभाऊ, तुमी फसलाव. ह्यो दावा मेला नाय. निजलाय. उद्या उठवतील."

ती रात्र आत्मारामांनी आढ्याकडे बघत काढली. सकाळी कार्यालयात न जाता ते आठल्ये वकिलांच्या पायरीवर हजर झाले. वकील दाढी करत होते. साबणाच्या फेसातून त्यांनी जे सांगितलं ते असं. वादी आला नाही आणि प्रतिवादी हजर असला, तर कोर्ट दावा काढून टाकतं. त्याच कारणावरून नवा दावा वादीला लावता येत नाही, हे आपल्या बाजूचं. पण पन्हळ बरोबर की चूक, यावर कोर्ट काहीच बोललेलं नाही. तेव्हा आत्माराम जिंकले असं म्हणता येत नाही, नुसते हरले नाहीत. आणि न येण्याचं सबळ कारण दाखवून रावजींनी महिन्याभरात अर्ज दिला, तर कोर्ट हाच दावा पुन्हा उभा करू शकतं.

"सबळ म्हणजे कसं?"

"आजारी होतो, गाडी चुकली, असं काहीतरी."

"गाडी चुकली नाही हो. जागा मीच धरली होती."

वकिलांचा वस्तरा हवेत थांबला. "ही साक्ष तुम्ही द्याल तर बहार येईल, मयेकर. पण तूर्त कुठे बोलू नका. वादीला कळायच्या आत महिना उलटला तर उत्तम. गप्प राहा."

गप्प राहा! वाडीत अर्ध्या घरांत पेढे पोचले होते. परतीच्या वाटेवर आत्मारामांच्या डोक्यात एकच हिशेब. रावजींना कळलंय की नाही? सगुणाबाईंकडे त्याची खूण होती. "ताट परत आला नाय अजून," त्या म्हणाल्या. शेजारचं ताट रिकामं परत करायचं नसतं. चार फळं, मूठभर तांदूळ, निदान गुळाचा खडा तरी घालून द्यायचा. यमुनाबाई संध्याकाळच्या आत ताट परत करणाऱ्या. आता दुसरा दिवस उलटत आला. म्हणजे कळलं. राग आला. आता एके सकाळी ताट रिकामं, उपडं, गडग्यावर दिसणार आणि मागोमाग बेलिफ येणार.

तिथून पुढे आत्माराम ताटाची वाट बघू लागले. ऑफिसला निघताना गडग्याकडे नजर. आल्यावर गडग्याकडे नजर. गडग्यावर कावळा बसला तरी धावत अंगणात.

त्यातच नवसाची आठवण झाली. दावा सुटला तर ग्रामदेवतेला नारळ, असं ते पावसाळ्यात बोलून बसले होते. देवाची उधारी ठेवण्याची हिंमत त्यांच्यात नव्हती. भर दुपारी, देवळात चिटपाखरू नसेल अशा वेळी ते नारळ घेऊन गेले. विठू गुरव सभामंडपात आडवा झाला होता. "विठू, हळूच गाऱ्हाणं घाल. नाव नको. नुसतं 'काम झालं' म्हण."

विठू उठून बसला. त्याच्या घराण्यात सात पिढ्या देवाशी बोलत आल्या होत्या आणि सातही पिढ्यांचा समज असा, की देव जरा लांब बसतो. नारळ हातात घेऊन त्याने जो आवाज लावला तो खाडीपर्यंत गेला. "हे देवा म्हाराजा! ह्यो तुजा लेकरू आत्माराम मयेकर! शेजारी रावजी नागवेकरान पन्हळीवरसून कोर्टात दावा घातलान, तो तुज्या किरपेन उडाला, म्हणून तुका नारळ ठेवताहा! असाच सांभाळ कर! वाकड्या नजरेन कोण बघत असेल त्याची नजर सरळ कर म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" असं मागून कुणीतरी म्हणालं. गाऱ्हाण्याला साथ देणं ही वाडीतल्या माणसांची सवयच. आत्मारामांनी वळून पाहिलं. देवळाच्या पायरीवर, पाणी प्यायला थांबलेल्या यमुनाबाई नागवेकर उभ्या होत्या. सवयीने 'होय म्हाराजा' म्हणून गेल्या आणि मग आपण कशाला होय म्हणालो ते ध्यानात येऊन पदर तोंडाला लावून निघून गेल्या. त्या रडत होत्या की हसत होत्या, हे आत्मारामांना पाठीवरून कळलं नाही. त्यांनी ते वाईटच धरलं.

रविवार उजाडला. हरिश्चंद्र सुर्वे दाभोळहून तरीने, एसटीने, मग पायी, असे येऊन पडवीत बसले. अंगाने किरकोळ, पण बसण्याची ढब अशी की पाटाचं टेबल व्हावं. सोबत त्यांची बायको. मुलाला आणलं नव्हतं. पडवीच्या कडेला ती पन्हळ चकाकत होती. हरिश्चंद्ररावांनी तिच्याकडे ओळखीच्या आरोपीकडे बघावं तसं पाहिलं. पोहे आले. त्यांनी एक घास घेतला आणि उलटतपासणी सुरू केली.

"दावा गेला म्हणून ऐकलं."

"होय. काढून टाकला."

"गुणदोषांवर? म्हणजे दोन्ही बाजू ऐकून?"

आत्माराम खोटं बोलू शकले असते. त्यांनी तयारीही केली होती, आरशासमोर. पण समोर नाझर बसलेला, आत दाराआड कमळा उभी, आणि खोट्यावर मुलीचं घर उभं करायचं म्हणजे पन्हळीच्या उतारासारखंच व्हायचं. "नाही," ते म्हणाले. "वादी गैरहजर होते."

"म्हणजे अर्जाने पुन्हा उभा राहू शकतो."

"शकतो."

हरिश्चंद्ररावांनी बशी खाली ठेवली. "मयेकर, तुम्ही खरं बोललात, बरं वाटलं. पण माझं घर मला ठाऊक. मी महिनाभर थांबतो. तोवर अर्ज आला नाही तर बघू. आला, तर मग..." पुढचं त्यांनी बोलून दाखवलं नाही. आतून करपल्याचा वास आला. आज चुलीवर भाकरी नव्हती. दुधाचं पातेलं होतं.

तेवढ्यात गडग्यापलीकडून खाकरल्याचा आवाज आला आणि रावजी नागवेकर अंगणाच्या वाटेवरच्या बेड्याचं आडवं लाकूड बाजूला सारून अंगणात शिरले. वर्षभरात पहिल्यांदा. इस्त्रीचा सदरा घातलेला, मागे यमुनाबाई, आणि दोन्ही हातांत ते पितळेचं ताट, तोच क्रोशाचा रुमाल वर झाकलेला.

आत्माराम उभे राहिले. पाहुण्यांसमोर ताट परत! सगुणाबाईंनी दाराची चौकट धरली. रुमालाखाली काय असेल, याचा विचार दोघांनाही करवेना.

रावजींनी ताट ओट्यावर ठेवलं. "पाव्हणे, मी रावजी नागवेकर. वादी."

हरिश्चंद्रराव पाटावर सरळ झाले. "बसा. तारखेला गैरहजर का होतात?"

आत्मारामांनी डोळे मिटले.

"गैरहजर नव्हतो," रावजी म्हणाले. "कोर्टाच्या समोर चहाच्या टपरीवर होतो. तिन्ही पुकारे ऐकले. आमचे वकील त्या दिवशी चिपळूणला होते, मला सांगितलानी, 'उभा राहा आणि तारीख माग.' एवढाच बोलायचा होता. पाय उचलेना."

"का?"

रावजींनी आत्मारामांकडे न बघता बोट दाखवलं. "ह्यांना विचारा! सकाळी एसटीत माजी जागा धरलान. हाक मारून. आता ज्यान जागा धरलान, त्याच्या समोर उभा राहून मी सायबाला काय सांगू? ह्यो माणूस शेजारी म्हणून वाईट हाय? माज्या तोंडातून निघाला नसता." त्यांनी घसा खाकरला. "आणि दुसरा म्हंजे, सायेब जागा बघायला आले असते तर दाखवायला कायतरी हवा ना? वयनी, रुमाल काढा."

सगुणाबाईंनी रुमाल उचलला. ताट अबोलीने भरलेलं होतं. गच्च विणलेले गजरे, केशरी, एकावर एक, कडेला जराही जागा नाही.

"अबोलीच्या बोंडावर पाणी पडला की तो तडतडून फुटतो, बी उडतो," यमुनाबाई म्हणाल्या. "तुमच्या पन्हळीन वाफा मोडलान खरा, पण बी गडग्याच्या अंगान पार खालपर्यंत रुजला. आता खुडून हात दुखतात. ताट भरायला म्हणून थांबले होते. आज पाव्हणे येणार ता सगुणान सांगितलान होता, म्हटला पोरीच्या डोक्यात माळायला होतील." आणि मग हसू आवरेना म्हणून पुढचं पदरातून, "गाऱ्हाण्याला होय पण मीच म्हटला की! आता कसा बदलायचा?"

हरिश्चंद्रराव थोडा वेळ ताटाकडे, थोडा वेळ पन्हळीकडे बघत राहिले. "अर्ज देणार?" त्यांनी शेवटचं विचारलं.

"नाय. पन्हळ पण ऱ्हवू दे. तोंड फक्त हातभर आमच्याकडे सरकवा, तिथली अबोली सुकतेय."

हरिश्चंद्ररावांनी पोह्यांची बशी पुन्हा उचलली. "माझ्या नोकरीत गैरहजेरीत काढलेले ढीगभर दावे पाहिले," ते बायकोला म्हणाले. "गैरहजर राहून निकाल दिलेला वादी पहिल्यांदा बघितला." मग सगुणाबाईंकडे वळून, "कमळाला बाहेर बोलवा. गजरा आमच्या हिलाच माळू दे."

कमळा बाहेर आली. दूध करपल्याचं नाव कुणी काढलं नाही.

आत्मारामांची कृतज्ञता पुन्हा वर आली. आठवडाभर ती कुणाला द्यावी म्हणून ते हिंडले होते. न्यायाधीश, पट्टेवाला, वकील, देव, सगळ्यांना देऊन झाली, आणि ज्याला द्यायची तो माणूस गडग्यापलीकडे होता, टपरीवर बसून तिन्ही पुकारे ऐकणारा. त्यांनी हात जोडले, तर रावजींनी ते खाली दाबले. शेजाऱ्याचे आभार मानायचे नसतात, परक्यासारखं होतं. दोघेही अबोलीकडे बघत उभे राहिले. डोळे पुसायला आत्मारामांनी तो क्रोशाचा रुमालच घेतला.

शेवटी त्यांनी विचारलं, "रावजीभाऊ, उद्या शहरात काम आहे का काही?"

"काय नाय. का?"

"नाही, येत असाल तर जागा धरतो."

रावजींनी विचार केला. उद्या त्यांना शहरात खरोखरच काही काम नव्हतं.

"खिडकीची धरा," ते म्हणाले.